शहाऐंशी कड्यांची चेन

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि खाली दापोली-मंडणगडपर्यंत बागा आडव्या करून गेलं. संध्याकाळी वारा पडला तेव्हा आमच्या घरातून रस्त्यावर जायला वाट राहिली नव्हती. अंगणात फणस पडलेला, बेड्यापाशी दोन हापूसची कलमं एकमेकांवर, आणि वाडीच्या पाणंदीत नारळच नारळ. पुतण्याने आदल्या वर्षी घेतलेली ५८ सीसीची चेनसॉ वाडीतली एकुलती एक. तिसऱ्या दिवशी तिची चेन तुटली. वीज नाही, फोन नाही, वरून टाळेबंदी. मी लोट्याच्या एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होतो, व्हर्नियर हातात घेऊन आयुष्य काढलं, तरी चेन बदलायची म्हणजे काय काय जुळवायचं असतं हे त्या जूनमध्येच शिकलो. तेव्हापासून वाडीतली आणि आजूबाजूच्या गावांतली मशीनं माझ्याकडे येतात. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतो आहे.

१. इंच सांगून चेन मागू नका

चेन जिच्यावर फिरते ती पट्टी मी टेप लावून मोजली. मशीनच्या तोंडापासून टोकापर्यंत साडेवीस इंच भरली. ट्रकवाल्याच्या पाया पडून तालुक्याला गेलो, अर्धं शटर उघडं असलेल्या दुकानात ‘वीस इंची चेन द्या’ म्हटलं. दुकानदाराने कुठलंही मशीन, कुठलीही पट्टी न विचारता पाकीट पुढे केलं. दोष त्याला एकट्याला देत नाही, विचारणाऱ्यानेच एक आकडा सांगितला होता. घरी येऊन चेन चढवली तर ती पट्टीच्या टोकाच्या चार बोटं अलीकडेच संपली. आमची पट्टी खरी बावीस इंची. मशीनच्या दातेरी तोंडामुळे पुढे कमी दिसते, एवढंच. बावीसच्या त्या पट्टीला ८६ कड्या लागतात, कड्या म्हणजे पट्टीच्या खोबणीत शिरणाऱ्या खालच्या कड्या. पाकिटातली ७६ कड्यांची होती. त्या दिवशी पाणंद कुऱ्हाडीने मोकळी केली. शेजारच्या आबांचं डायलिसिस दुसऱ्या दिवशी होतं.

म्हणून सांगतो, ‘किती इंची’ या प्रश्नाचं उत्तर पट्टीची ढोबळ लांबी सांगतं, चेन ठरवत नाही. १८ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीला ६८ कड्या लागतात, एकीला ७२, एकीला ७४. पट्टी मागे मशीनमध्ये किती शिरते, चेन फिरवणारी चक्री कुठे बसते, यावर ते असतं आणि ते प्रत्येक बनावटीत वेगळं.

२. आकडे तीन, आणि तिन्ही जुळले पाहिजेत

पिच, गेज आणि कड्यांची संख्या. दुकानात याच शब्दांनी बोला.

पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर. मोजायची रीत अशी की, लागोपाठ तीन रिव्हेट धरायचे, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं आणि निम्मं करायचं. दोनच रिव्हेटमधलं अंतर धरलं तर फसाल, कारण वरची जोडपट्टी आणि खालची कडी यांची भोकं सारख्या अंतरावर नसतात. आमच्या चेनचं तीन रिव्हेटचं अंतर साडेसोळा मिलिमीटर भरतं, म्हणजे पिच सव्वाआठ, म्हणजे इंचात ०.३२५.

इथे आपल्या कोकणातल्या मिस्त्री लोकांची एक अडचण होते, ती मुद्दाम सांगतो. आपण सुतात बोलतो. आठ सुतांचा इंच. पाव इंच म्हणजे दोन सूत, ३/८ म्हणजे तीन सूत. हार्डवेअरच्या दुकानात गेलं की जीभ आपोआप ‘तीन सुती’ म्हणते. पण ०.३२५ हे ना दोन सूत, ना तीन. ते अडीच सुताच्या जरासं वर पडतं. डोळ्याला तीन सुतासारखंच दिसतं. गावातल्या एका जाणत्या सुताराने असंच डोळ्याने जोखून तीन सुती चेन आणली होती. पट्टीवर ती सरळ बसली, आणि मशीन चालू केल्यावर चक्रीवर खडखड नाचायला लागली. बसते का हे पट्टीवर बघून कळत नाही. चक्रीचा दात आणि टोकाच्या चाकाचा दात दोन्ही त्याच पिचचे असावे लागतात.

त्यातही तीन सुती दोन प्रकारची. एक मोठ्या मशीनची, आणि एक बुटकी, छोट्या घरगुती आणि विजेवरच्या मशीनची, जिला लो प्रोफाइल म्हणतात. पाकिटावर दोन्हींच्या ३/८ लिहिलेलं असतं. एकीची चक्री दुसरीला चालत नाही. पाकिटावर ‘लो प्रोफाइल’ किंवा नुसतं ‘एलपी’ किंवा ‘पी’ आहे का ते वाचा.

३. जवळपास बसणारी चेन सगळ्यात धोक्याची

गेज म्हणजे पट्टीच्या खोबणीत शिरणाऱ्या कडीची जाडी. ०.०४३, ०.०५०, ०.०५८ आणि ०.०६३ इंच असे नेहमीचे चार. मिलिमीटरमध्ये १.१, १.३, १.५ आणि १.६.

जाड कडी बारीक खोबणीत शिरतच नाही, त्यामुळे ती चूक घरीच कळते. उलट चूक कळत नाही. आमच्या पट्टीची खोबण दीड मिलिमीटरची. दुसऱ्या खेपेला मी कड्या मोजून घेतल्या, पिच मोजून घेतला, आणि गेज विचारायचं राहिलं. आलेली चेन १.३ ची. चढली, फिरली, कापायलाही लागली. मधला फरक ०.२ मिलिमीटरचा, वहीच्या दोन कागदांएवढा. पण तेवढ्यात चेन खोबणीत आडवी डुलते. फणसाच्या ओंडक्यात काप सरळ जाईना, उजवीकडे वळत जाई. पुतण्याला वाटलं धार एका बाजूला कमी आहे, म्हणून त्याने जोर लावला. चेन पट्टीवरून उतरली आणि फटका मारून मागे आली.

मशीनच्या पोटाखाली, क्लचच्या पुढे, एक लहानशी खुंटी असते. तुटलेली किंवा उतरलेली चेन अडवायला ती असते. त्या दिवशी तिने चेन अडवली, तरी शेवटच्या हातभर चेनने पुतण्याची पँट मांडीवर फाडली. कातडीवर नुसता ओरखडा. मी तिथेच ओट्यावर बसलो. माझ्या मोठ्या भावाचा हा एकुलता मुलगा. त्या ०.२ मिलिमीटरचा आकडा त्यानंतर माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. ती खुंटी मोडलेली असेल तर मशीन चालवू नका. दोन-तीनशे रुपयांची वस्तू नसेल तर नवी चेन घेऊन काय उपयोग.

जुन्या चेनवरून गेज काढायचं असेल तर एकच कडी मोजू नका. घासून बारीक झालेल्या असतात. पाच-सहा ठिकाणी व्हर्नियर लावा आणि सगळ्यात जाड भरेल ती धरा. पट्टीची खोबणही अशीच घासून रुंद होते, तेव्हा खोबणीच्या मापावर गेज ठरवणं त्याहून वाईट.

४. कड्या मोजताना दोरा बांधा

तुटलेली किंवा उतरवलेली चेन जमिनीवर पसरा. एका कडीला रंगीत दोरा बांधा. खालच्या कड्या दोन-दोन करून मोजत दोऱ्यापर्यंत या. मग दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या, त्याला आपला आकडा न सांगता. एका कडीची चूक म्हणजे सव्वाआठच्या पिचला साडेसोळा मिलिमीटर चेन कमी किंवा जास्त, म्हणजे पट्टी सव्वाआठ मिलिमीटर मागे किंवा पुढे. ताण द्यायचा स्क्रू तेवढी एखादी चूक सांभाळून घेईलही, पण मग चेन वापरून लांबल्यावर पट्टी पुढे सरकायला जागा उरत नाही.

गावात पुष्कळ जण कापणारे दात मोजतात आणि ‘त्रेचाळीस दातांची’ म्हणून येतात. नेहमीच्या चेनमध्ये दोन कड्यांमागे एक दात असतो, म्हणजे त्रेचाळीस दात असतील तर ८६ कड्या. पण मधले दात गाळलेल्या चेनीही मिळतात, त्यामुळे तो हिशेब मी मानत नाही. कड्याच मोजतो.

५. आधी पुसा, मग वाचा

माझ्याकडे आलेल्या दहा मशीनांतल्या आठांवर हे तिन्ही आकडे कोरलेलेच असतात, पट्टीच्या शेपटाकडे, मशीनच्या झाकणात जाणाऱ्या भागाजवळ. तेल आणि भुसा मिळून त्यावर काळा चिकट थर बसतो, आणि कोणी तो पुसत नाही. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि जुना दात घासायचा ब्रश एवढं पुरतं. घासता घासता काळ्यातून एकेक आकडा वर येतो, आधी अर्धा, मग पुरता. निवृत्त झाल्यापासून इतकं समाधान देणारं काम मला दुसरं सापडलेलं नाही.

चेनवरही खूण असते. ओरेगॉन कंपनीच्या चेनवर खालच्या कडीवर आकडा असतो: २० म्हणजे ०.३२५ पिच आणि ०.०५० गेज, २१ म्हणजे तोच पिच आणि ०.०५८, २२ म्हणजे ०.०६३. ९१ म्हणजे बुटकी तीन सुती, ०.०५०. श्टील कंपनीच्या चेनवर कडीवर एकच आकडा असतो, ३ म्हणजे १.३, ५ म्हणजे १.५, ६ म्हणजे १.६ मिलिमीटर, आणि पिचचा आकडा वर, दातापुढच्या उंचवट्यावर. साध्या चेनवर काहीच नसतं, तिथे व्हर्नियर. आकडे वाचले की पट्टीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. फोनमध्ये फोटो काढला तरी चालेल, पण वादळात फोन बंद पडतात हे आम्ही पाहिलं आहे.

६. चक्री जुनी, चेन नवी, हे जुळत नाही

चेन आणि चक्री बरोबर झिजतात. जुन्या चक्रीच्या दातांवर कड्यांनी खाचा पाडलेल्या असतात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल खाच नखाला लागली की मी चक्री बदलायला सांगतो. त्या खाचांवर नवी चेन चढवली तर आठवड्यात तीही तशीच ओढली जाते, आणि लोक म्हणतात चेन हलकी निघाली. दोन चेन आलटून पालटून वापराव्यात, त्या दोन्ही संपल्या की चक्री नवी घालावी.

पट्टीही तशीच. दर वेळी धार लावताना ती उलटी करून बसवावी, म्हणजे खालची-वरची कड सारखी झिजते. पट्टीच्या कडेला फूटपट्टी अशी टेकवा की ती एका दाताच्या बाजूलाही लागेल. मध्ये फट राहिली तर ठीक. फूटपट्टी पट्टीला सपाट चिकटली तर चेन खोबणीत कलली आहे, आणि नवी चेन घेऊन ते दुखणं जाणार नाही.

७. हातोडीने जोडलेली चेन नको

काही ठिकाणी मोठ्या रिळातून चेन तोडून, हवी तेवढी करून जोडून देतात. रिव्हेट दाबायचं त्यांचं यंत्र असेल तर त्यात वावगं काही नाही, आमच्या ८६ कड्या मी आता तशाच करून घेतो. यंत्र नसेल आणि ऐरणीवर ठेवून हातोडी मारणार असतील तर घेऊ नका. जोड घट्ट बसला तर कडी वळत नाही, सैल बसला तर सुटते. घेताना जोडाच्या कड्या बोटांनी वाकवून बघा, बाकीच्यांसारख्या सहज वळल्या पाहिजेत.

८. आपल्या लाकडाला कोणता दात

मापं जुळली की दाताचा आकार. दाताचा कोपरा दोन प्रकारचा येतो, काटकोनी टोकदार आणि जरा गोल केलेला. टोकदार झपाट्याने कापतो, पण लाकूड स्वच्छ हवं. वाळूचा कण लागला की त्याचं टोक गेलं. आपल्याकडे स्वच्छ लाकूड कुठे आहे? वादळात पडलेलं झाड मुळांसकट माती घेऊन पडतं. किनाऱ्यावरच्या नारळाच्या बुंध्यात वाळू बसलेली असते. आणि नारळाचं खोड बाहेरून टणक, आतून भुसभुशीत, वर त्याच्या तंतूत गारेसारखा अंश असतो, धार बघता बघता जाते. आंब्याच्या बुंध्यात कोणीतरी कधीतरी ठोकलेला खिळा किंवा कुंपणाची तार निघते. मी सगळ्यांना गोल कोपऱ्याची, सेमी-चिझल म्हणतात ती, घ्यायला सांगतो. कापायला थोडी हळू, पण दिवसभर टिकते आणि कानशीने धार परत येते. ०.३२५ ला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, बुटक्या तीन सुतीला ४ ची. चेन घेतानाच तिच्या मापाची कानस घ्या. दुसऱ्या मापाच्या कानशीने दाताचा आकारच बदलतो.

पुतण्याच्या मशीनच्या मूळ चेनला दातापुढे एक उंच कडी होती. टोक लाकडाला टेकून मशीन अंगावर उसळते, ते कमी करायला ती असते. मूळ चेनला ती असेल तर नव्या चेनलाही ती मागून घ्या.

या दाताची गोष्ट मला फार आवडते. आपल्या कलमांना भिरूड लागतो. बुंध्याला भोक, खाली भुशाचा ढीग, आणि आत बोटाएवढी पांढरी अळी. माझ्या वडिलांनी तारेने उकरून अशा शेकडो मारल्या. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या अशाच एका भुंग्याची अळी ओंडक्यात काम करताना बघत बसला. तोवरच्या चेनीचे दात करवतीसारखे खरवडायचे आणि सारखी धार मागायचे. कॉक्सला दिसलं की अळीचे दोन जबडे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून लाकूड सोलत जातात, उभ्या रेषेतही आणि आडव्यातही. त्याने लोखंडात तोच जबडा केला, एक दात डावा, एक उजवा, आणि १९४७ मध्ये ती चेन विकायला सुरुवात केली. ओरेगॉन नावाची चेन ती त्याचीच. आजच्या बहुतेक साऱ्या चेनीचा दात त्याच घडणीचा आहे. निसर्गमध्ये पडलेल्या आमच्या एका कलमाच्या बुंध्यात काप घेतला तेव्हा अर्धी कापलेली भिरूडाची नळी समोर आली, आत अळी जिवंत होती. मी मशीन बंद करून तिचं तोंड बराच वेळ पाहिलं. वडील असते तर त्यांना दाखवलं असतं.

९. चढवताना

नवी चेन रात्रभर चेन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. मोटारसायकलचं काढलेलं काळं तेल नको, त्यात धातूचा कीस असतो आणि ते पट्टीला धरूनही राहत नाही. हातात जाड मोजे घाला. वरच्या बाजूच्या दातांची धार पट्टीच्या टोकाकडे तोंड करून असली पाहिजे. उलटी चढवलेली चेन मी किती वेळा सरळ केली असेल याला मोजदाद नाही, आणि दर वेळी मालक ‘चेनला धारच नाही’ म्हणून आलेला असतो.

ताण असा द्या की खालच्या बाजूने चेन पट्टीला लागून राहील आणि मोजे घातलेल्या हाताने सहज ओढली जाईल. दोन-तीन मिनिटं रिकामी फिरवा, थांबवा, गार होऊ द्या, परत ताण बघा. नवी चेन सुरुवातीला सैलावतेच. पहिला काप बारीक फांदीवर. एक गोष्ट बहुतेकांकडून राहते: काम संपल्यावर ताण थोडा सैल करा. गरम चेन लांबते, गरम असताना ताणलेली तशीच ठेवली तर गार होताना आखडते आणि मशीनच्या दांड्याला, बेअरिंगला ओढ बसते.

१०. मे महिन्यात

२०२१ च्या मेमध्ये तौक्ते आलं तेव्हा आमच्याकडे ८६ कड्यांच्या दोन चेन, एक नवी चक्री आणि ४.८ ची कानस फणसाच्या पेटीत ठेवलेली होती. पाणंद त्याच संध्याकाळी मोकळी झाली. तेव्हापासून दर मेमध्ये, आगोट भरण्याच्या कामांबरोबर, वाडीतल्या प्रत्येक मशीनचे आकडे मी एका वहीत लिहून घेतो. आता सात मशीनं आहेत, आणि सातांत पाच वेगवेगळी मापं.

यंदा बहिणीच्या मुलाचा श्रीवर्धनहून फोन आला. त्याने जुनं मशीन घेतलं होतं.

‘मामा, अठरा इंची चेन हवी होती. तुमच्या ओळखीच्या दुकानातून पाठवाल का?’

‘झाकण काढलंस का पट्टीचं?’

‘काढलंय. काही लिहिलेलं नाही पण.’

‘डिझेल आहे का घरात?’

थोडा वेळ फोनवर नुसता घासल्याचा आवाज येत राहिला.

‘मामा, थांबा,’ तो म्हणाला. ‘दिसायला लागलं काहीतरी. शून्य, टिंब, तीन...’